अतवाकाकाची लांब वाट

माझा उजवा गुडघा वाकत नाही. तो माझ्या सख्ख्या काकाने गोळी घालून फोडला, आणि माझ्या बापाला मारणारा माणूस जिवंत घरी पोचावा म्हणून फोडला. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या डोंगरात अतवाकाकाचं नाव निघालं की लोक दाढीवरून हात फिरवत त्याची थोरवी गायला लागतात, आणि मला ती शेवटपर्यंत ऐकवत नाही. असेल थोर. थोर माणसाबरोबर राहावं लागतं ते घरच्यांना, गाणाऱ्यांना नाही.

तरुणपणी काका शिकारी होता. बेदन म्हणजे आमच्या कड्यांवरचा रानबोकड, मागे वळलेल्या लांब शिंगांचा. सिनायच्या या उघड्या डोंगरांत त्याच्या मागावर जाणारे पुष्कळ, पण काका पहाटे निघून दुपारच्या चहाला खांद्यावर धड टाकून परत यायचा. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले असायचे आणि त्याच हातांनी तो आम्हा पोरांना खजूर वाटायचा. मग एका हिवाळ्यात तो दऱ्यामागून दऱ्या पालथ्या घालून रिकामा परत आला. ना खूर दिसला, ना लेंडी. माझ्या बापाला, रबीअला, म्हणाला, "संपवले रे आपण." बाप म्हणाला, "आपण कशाला म्हणतोस? तूच संपवलेस. मी फक्त खाल्ले."

त्यानंतर काकाने बेदनावर बंदूक उचलली नाही. पाठीवर बिऱ्हाड बांधून कैरोहून आणि परदेशांतून येणाऱ्या लोकांना तो डोंगर दाखवायला लागला. त्यांतल्या एका बाईला कड्यावर एकच एक मादी दिसली, तर ती दुर्बीण डोळ्याला लावून ऊन उतरेपर्यंत बसून राहिली, जेवायलाही उठली नाही. त्या दिवसापासून काकाच्या डोक्यात भूत शिरलं. या आखातापासून त्या आखातापर्यंत, अख्खा डोंगर आडवा तुडवत, पायी जाणारी एक लांब वाट लावायची. चालणाऱ्यांनी आपलं ओझं आपल्या पाठीवर घ्यायचं आणि बेदन, लांडगे, गिधाडं, जे काही शिल्लक असेल ते बघत जायचं. उंट नाहीत. उंटांच्या गलक्याने जनावर पळतं आणि एक उंट दगडातला पाण्याचा खळगा एका दमात रिकामा करतो, मग लांडग्याने काय प्यायचं?

लोकांना हसायला विषयच मिळाला. "घरात उंट असताना माणसाने ओझं वाहायचं? गाढवांना कळलं तर तीही काम सोडतील."

काका हसणाऱ्यांकडे बघायचासुद्धा नाही. चुलीबाहेरच्या मातीत त्याने सगळा डोंगर मांडला होता. दगड म्हणजे खिंड, खजुराची बी म्हणजे पाणी, बकरीची लेंडी म्हणजे जनावर दिसण्याची जागा. कुठे रात्र काढायची, कुठे पिठाचा डबा दगडाखाली पुरून ठेवायचा, कोणती दरी वसंतात टाळायची कारण तिथे माद्या वितात, हे सगळं त्या मातीत होतं. एकदा आमच्या शेळीने दोन डोंगर आणि एक दरी उधळून लावली. काकाने तिला काठीने असं बडवलं की ती दोन दिवस लंगडली. मग शांतपणे बसून डोंगर पुन्हा मांडला.

त्या मांडणीत एकच जागा अशी होती की तिच्यावाचून वाटेचे दोन तुकडे पडत होते. गरीदचा झरा. वाटेवर अलीकडे-पलीकडे दोन-दोन दिवस भरवशाचं पाणी नाही, आणि उरलेले बेदन तिथेच उतरायचे. झऱ्याच्या पलीकडची जमीन रुकेबातांची, आणि दुसऱ्या टोळीच्या जमिनीवरून पाहुणा न्यायचा तर त्यांचाच माणूस रफीक म्हणून बरोबर चालावा लागतो. रफीक म्हणजे नुसता वाटाड्या नव्हे, पाहुण्याच्या जिवाला तो जबाबदार. रुकेबात रफीक देतील की नाही हे अल्लाला ठाऊक होतं. त्यातून त्यांचा सुवेलम हा त्या भागातला सगळ्यात मोठा शिकारी. गरीदला येणारा कळप तो चार महिन्यांत संपवणार हे काका जाणून होता, कारण काकाने स्वतः तसंच केलं असतं.

म्हणून तो हमदान शेखाकडे गेला. हमदान ना आमचा, ना रुकेबातांचा. पण त्याने एखाद्या गोष्टीवर आपला चेहरा टाकला, म्हणजे ती आपल्या अब्रूत घेतली, की तिला कोणी हात लावायचा नाही. लावला तर चेहरा कापला, आणि कापलेल्या चेहऱ्याचा हिशेब आमच्याकडे खुनापेक्षा जड. खून उंट देऊन मिटतो. चेहरा कापणाऱ्याच्या घरात मुली द्यायला कोणी तयार होत नाही.

मी तेव्हा काकाबरोबर होतो. काका म्हणाला, "शेख, गरीदला येणाऱ्या बेदनांवर तुमचा चेहरा टाका."

हमदान हसला तेव्हा त्याच्या तोंडात दात किती कमी होते ते दिसलं. "अतवा, मी माणसांना चेहरा दिलाय, जखमी घोड्याला दिलाय. आता बोकडांना देऊ? उद्या म्हणशील, माझ्या कोंबड्यांनाही द्या."

"मग पाण्यावर टाका."

म्हाताऱ्याने चहा ढवळला. मग म्हणाला, "पाण्यावर टाकतो. पण मग जो पिईल तो सगळा माझ्यात. चार पायांचा असो की दोन पायांचा. पाणी निवड करत नाही, मीही करणार नाही. आणि मी म्हातारा तिथे राखण करत बसणार नाही. तिथे तू माझी काठी. जो पिईल त्याला पुढच्या तंबूपर्यंत सुखरूप पोचवणं तुझ्याकडे. चेहरा कापला गेला तर मी दुसऱ्या कुणाच्या दारात जाणार नाही, तुझ्याच दारात येईन."

"कबूल," काका म्हणाला. एवढी मोठी गोष्ट त्याने चहाचा घोट घेता घेता कबूल केली.

पुढच्या उन्हाळ्यात कळप वाढलेला दिसला. काका आणि माझा बाप वाटेचा पहिला अर्धा भाग चालून बघायला निघाले. काका गरीदला झऱ्यावर दगडांचा आडोसा रचत बसला, म्हणजे चालणाऱ्यांना त्यामागे दडून जनावरं बघता यावीत. बाप वरच्या धारेवर खळगे तपासायला गेला. मी पिठाचे डबे घेऊन मागून येत होतो.

धारेवर सुवेलम दबा धरून बसला होता. झऱ्यावर मारायची त्याची छाती नव्हती. पाणी पिऊन वर चढणारं जनावर धारेवर टिपायचं, असा त्याचा हिशेब. बापाने त्याची नळी धरली. काय बोलणं झालं ते पुढे सुवेलमनेच सांगितलं. बाप म्हणाला, "आमच्या पोटावर बसलायस, ऊठ." सुवेलम म्हणाला, "डोंगर तुझ्या बापाचा?" मग झटापटीत गोळी सुटली ती आभाळात गेली, आणि बंदूक कड्यावरून खाली गेली. बंदुकीसाठी सुवेलमला वेड लागलं. त्याने दगड उचलला. एका घावात बाप बसला. दुसरा घाव बसलेल्या माणसावर घातला, आणि तिसरा पडलेल्यावर. तिसऱ्याची काही गरज नव्हती. तोच मला अजून स्वप्नात ऐकू येतो, मी तिथे नसूनही.

मी पोचलो तेव्हा बापाच्या तोंडावर काकाचं मुंडासं होतं. ते मी उचललं आणि उचलायला नको होतं. डावा डोळा जागेवर नव्हता. मुंग्या लागल्या होत्या. शेजारी तो दगड होता, त्याला केस चिकटलेले होते, मेंदी लावलेले, कारण बापाला दाढी-केस रंगवायची हौस. जरा पलीकडे सुवेलमची पखाल पडली होती, म्हणजे कोणी मारलं ते विचारायला नको होतं. मी तो दगड कड्यावरून फेकला आणि मग तो फेकला म्हणून रडलो.

आमच्यात खुनानंतर तीन दिवस आणि एक तृतीयांश दिवस रक्त उकळतं असं म्हणतात. तेवढ्या वेळात मेलेल्याच्या नातलगांनी खुनी मारला तर कोणी बोलत नाही. मी खाली उतरून दोन चुलत भाऊ आणि बंदुका गोळा केल्या. काका एकटाच सुवेलमच्या मागावर गेला असणार, त्याच्याआधी आपल्या हाती लागावा, एवढीच माझी इच्छा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेळ्या राखणारी पोरगी भेटली. म्हणाली, "अतवा आणि सुवेलम चाललेत रुकेबातांकडे. अतवा त्याला आपल्या पखालीतलं पाणी देतोय."

मी तिला एक थोबाडीत दिली. बिचारी खरं बोलत होती.

खिंडीत आम्ही त्यांना गाठलं. सुवेलम पुढे, ओठ फुटलेले, पायाच्या चिंध्या झालेल्या. काका मागे, खांद्यावर बंदूक. आम्हाला बघून काका त्याच्या पुढे येऊन उभा राहिला.

"जुमेआ, नळी खाली कर. हा हमदानच्या चेहऱ्यात आहे. गरीदला पाणी प्यालाय. मी पोचलो तेव्हा दाढी ओली होती त्याची."

"हमदानच्या चेहऱ्यावर मी थुंकतो. बाजूला हो, काका."

"मी याचा रफीक आहे."

"तो तुझ्या भावाचा काय होता ते सांग."

"बाळा," तो म्हणाला, आणि त्याने मला बाळा म्हटलं याचाच मला जास्त संताप आला, "मी तीनदा सांगणार नाही."

मी दोनदाही ऐकणार नव्हतो. मी सुवेलमच्या डोक्यावर नेम धरला, काकाच्या कानाशेजारून. आवाज झाला तेव्हा मला वाटलं माझीच गोळी सुटली. मग पाय खालून निघून गेला आणि मी माझ्याच गुडघ्यातलं पांढरं हाड बघत होतो. काकाने उभ्या आयुष्यात नेम चुकवला नव्हता, तेव्हाही चुकवला नाही. भावांनी बंदुका टाकल्या. सुवेलम मुंडासं सोडून माझी जखम बांधायला वाकला, तर काकाने बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या बरगडीत असा हाणला की तो कळवळत आडवा झाला. "याला हात लावायचा नाही," काका म्हणाला. त्याने स्वतः माझा पाय आवळून बांधला, माझ्याकडे न बघता. मग सुवेलमला उठवलं आणि दोघे चालायला लागले.

त्या लांब वाटेवर काकाने पहिला माणूस नेला तो हा.

रुकेबातांच्या तंबूत सुवेलमच्या बापाने काकाच्या डोक्याचं चुंबन घेतलं. म्हणाला, "माझ्या पोरासाठी तू तुझ्या पुतण्याला गोळी घातलीस. माग काय मागायचं ते." काका म्हणाला, "रक्ताबद्दल मी बोलणार नाही. ते माझ्या पुतण्याचं आहे. मला वाट हवी." त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला, रफीक देऊ, गरीदच्या वर-खाली कोणी शिकार करणार नाही. महिनाभरात हमदान स्वतः आला, काकाच्या खांद्यावर हात ठेवून लोकांसमोर म्हणाला, "माझा चेहरा याने स्वतःच्या रक्ताने धुतला." लोकांनी त्यावर कवन रचलं. किनाऱ्यावरच्या दवाखान्यातून मी कुबडी घेऊन घरी आलो तेव्हा माझाच चुलतभाऊ ते गुणगुणत शेळीचं दूध काढत होता.

आई म्हणाली, "गाऊ दे. ज्याला नवरा गाडावा लागत नाही त्याला गाणं सुचतं."

पण वाट काही सुरू होईना. कारण रक्त माझं होतं. मी समेट केला नाही तोवर सुवेलम मला कुठेही दिसला तर मी त्याला मारू शकत होतो, आणि उघड्या रक्तावरून पाहुणा नेत नाहीत. रुकेबातांनी उंट पाठवले, मी परत पाठवले. मोठी माणसं आली, मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. काका दर हिवाळ्यात डबे पुरायचा आणि दर उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडलेलं पीठ फेकून द्यायचा. चुलीबाहेर डोंगर मांडलेला असायचाच. कैरोहून पोरं विचारायला यायची, "काका, कधी?" तो माझ्या घराकडे बोट दाखवायचा. अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. त्याचे केस पांढरे झाले. मला एकच समाधान होतं, की तो आपल्या शब्दासाठी मला लंगडा करून बसला असला तरी त्याला फळ मिळत नाहीये. आणि खरं सांगतो, आतून कुठेतरी मीही त्याला मान देत होतो. दाढी ओली होती. शब्द दिलेला होता. त्याच्या जागी दुसरा काय करणार?

शेवटी आईच म्हणाली, "पुरे कर. तुझी पोरगी बापाला दात खाताना बघत मोठी होतेय." मी समेटाला हो म्हटलं. दिवस ठरला.

आदल्या दुपारी काका आला. आई भाकरी राखेत भाजत होती. तो बसला नाही.

"उद्या तू सुवेलमला हात देणार," तो म्हणाला. "त्याआधी एक ऐक. त्याने पाणी प्यायच्या आधी मी तिथे होतो."

मला कळलं नाही. मी विचारलं, "कुठे?"

"आडोशामागे. त्याची पखाल धारेवरच राहिली होती. तहानला की तो गरीदलाच येणार हे मला माहीत होतं. मी आडवाटेने उतरून आधीच बसलो. तो समोरच्या उघड्यावरून आला, पडत, उठत. माझा नेम त्याच्या छातीवर होता."

आईने हातातली भाकरी खाली ठेवली. "किती वेळ?"

"एक चिलीम ओढून होईल एवढा."

"मग?"

"मग मला वाटलं, याला इथे मारला तर रुकेबात आणि आपण, नातवंडांपर्यंत. वाट गेली. बेदन गेले. आणि पाणी प्याला तर सगळं राहतं. म्हणून पिऊ दिला."

"हे आज का सांगतोस?" मी म्हणालो.

"उद्याचा हात तू मला शब्दाचा माणूस समजून देशील. तसा फसवून घेतलेला हात मला नको. नाही म्हणालास तरी चालेल."

मी कुबडी उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. तो हलला नाही. दुसऱ्या घावाला दोन दात राखेत पडले, माझ्या आईच्या भाकरीशेजारी. त्याने रक्त थुंकलं आणि तोंड पुन्हा समोर केलं, जसं कोणी हजामाला करतं. मी तिसऱ्यांदा कुबडी उचलली तेव्हा आईने ती मागून धरली. मला वाटलं ती त्याला वाचवतेय. तिने कुबडी माझ्या हातातून घेतली आणि तिसरा घाव तिने घातला, कानशिलावर. तो गुडघ्यांवर आला. "हा रबीअचा," ती म्हणाली. "आता जा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोळ्या जमल्या. सुवेलमला उघड्या डोक्याने आणलं, गळ्यात दोर. त्याच्या बापाने दोराचं टोक आणि एक खंजीर माझ्या हातात दिला. रीत अशी की पुढचं सगळं माझ्या मर्जीवर. दोर कापला तर समेट, गळा कापला तर तोही माझा हक्क. सुवेलमच्या मानेवरची शीर उडत होती. मागे काका उभा होता, तोंड सुजलेलं, एक डोळा मिटलेला. लोक कुजबुजत होते की म्हातारा कड्यावरून घसरला.

मी खंजीर टेकवला. एक हात फिरवला की काकाची वाट त्याच्या डोळ्यांसमोर मरणार होती, आणि तसं करावं असं मला मनापासून वाटलं. धार थोडी आत गेली. रक्ताचा ओघळ त्याच्या सदऱ्यावर उतरला, कुणीतरी अल्लाचं नाव घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सुवेलमचा विचारच करत नाहीये. बापाचाही नाही. मी त्याला मारला असता तर तो काकासाठी मारला असता. बापाचं रक्त मी काकावर खर्च करणार नव्हतो. मी दोर कापला.

आता दर शरदात चालणारे येतात, पाठीवर मोठाली गाठोडी घेऊन, माझ्या घराखालून जातात. गरीदला आडोशामागे बसून बेदन बघतात आणि खूश होतात. तिथून पुढे त्यांचा रफीक सुवेलम असतो. परत येताना तो माझ्याकडे चहाला थांबतो, माझ्या मुलीला कड्यावरचा मध आणतो, आणि मी तो घेतो. त्याने दगड उचलला तेव्हा तो संतापाने वेडा झाला होता. तसा संताप मी ओळखतो, माझ्यात आहे.

काका दारावरून जाताना थांबून सलाम करतो. आई आत निघून जाते. मी कुबडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसतो, आणि तो उत्तराची वाट बघून पुढे जातो.